एनबीएचे बूट : खोक्यात ठेवायचे की पायात घालायचे?

बुल्सवेडा :

मंडळी,

ऑक्टोबर उजाडला की इकडे शिकागोत दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा हंगाम, आणि "यंदा कोणाच्या पायात काय?" ही चर्चा. बास्केटबॉल मी शाळेत असल्यापासून बघतोय. तेव्हा पुण्यात पहाटे उठून केबलवर बघायचो, आता बुल्सच्या, म्हणजे इथल्या एनबीए टीमच्या, गावातच राहतो. टीमचं गेली काही वर्षं रडतखडत चाललंय, तरी मॅच चुकवत नाही. आणि खेळाडू कोर्टवर आले की माझी नजर आधी त्यांच्या पायांकडे जाते.

धाग्याचं निमित्त म्हणजे परवा एका मित्राकडे जेवायला गेलो होतो. त्याच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने एअर जॉर्डन ४ ची, म्हणजे बुल्सच्या मायकेल जॉर्डनच्या नावाने नायकीने काढलेल्या चौथ्या बुटाची, रेट्रो (जुन्या नमुन्यावर नव्याने काढलेली) जोडी घेतलीय. ती काचेच्या पेटीत ठेवलीय, वर छोटा दिवा लावलाय, आणि एकदाही पायात घातलेली नाही. विचारलं तर म्हणाला, "काका, घातले की किंमत उतरते." मुलगा गुणी आहे, मी वाद घातला नाही. पण बूट घालायचे असतात असं मला अगदी मनापासून वाटतं, आणि का वाटतं ते इथे सविस्तर लिहावंसं वाटलं.

त्याच जॉर्डन ४ चं बघा. ७ मे १९८९, क्लीव्हलँडविरुद्ध प्लेऑफच्या (हंगामाअखेरच्या बाद सामन्यांच्या) पहिल्या फेरीतली पाचवी, निर्णायक मॅच. तीन सेकंद उरलेत आणि बुल्स एका पॉइंटने मागे. जॉर्डनला बॉल मिळतो, तो आत घुसतो, उडतो. क्रेग इलो त्याला अडवायला हात पसरून उडतो. इलो खाली येतो, जॉर्डन अजून वरच. १०१-१००. नंतर हवेत मुठी मारत उड्या मारणारा जॉर्डन आपण सगळ्यांनी शेकडो वेळा पाहिलाय. तेव्हा त्याच्या पायात काळे जॉर्डन ४ होते. ती उडी झाली नसती तर जाळीच्या खिडक्या आणि बाजूला प्लास्टिकचे पंख लावलेला तो एक चांगला बूट, एवढंच त्याचं नाव राहिलं असतं. ज्या बुटाने कोर्ट गाजवलं त्याला काचेत कोंडायचं, हे मला पटत नाही.

बंदीची गोष्टही अशीच. सगळ्यांना ठाऊक असते ती अशी : नवख्या जॉर्डनने लाल-काळे बूट घातले, एनबीएने त्यांना मनाई केली, आणि नायकीने त्या मनाईचीच जाहिरात केली. जाहिरात खरी आहे. लीगने फेब्रुवारी १९८५ मध्ये नायकीला पाठवलेलं पत्रही खरं आहे. पण जुने फोटो ताडून बघणाऱ्या बूटवेड्यांनी दाखवून दिलंय की लीगच्या डोळ्यांत खुपलेला बूट बहुधा एअर जॉर्डन १ नव्हताच. तो त्याच्या आधीचा, एअर शिप नावाचा, नायकीचा साधा बूट होता. जॉर्डनला तर आधी नायकी नकोच होतं. त्याचा जीव आदिदासवर होता. नायकीच्या बैठकीला जायची त्याची तयारी नव्हती, आई डेलोरिस जॉर्डन यांनी आग्रह धरला म्हणून गेला. करार झाला पाच वर्षांचा, वर्षाला साधारण पाच लाख डॉलरचा. एप्रिल १९८५ मध्ये जॉर्डन १ दुकानात आला, किंमत ६५ डॉलर. पहिल्या काही वर्षांत मिळून तीस लाख डॉलरची विक्री झाली तरी पुष्कळ, असा नायकीचा हिशेब होता. पहिल्याच वर्षी ती झाली १२ कोटी ६० लाखांची. जाहिरातीचा वाटा होताच, पण लोक दुकानात धावले ते त्या पोराला उडताना बघून.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. ८ मार्च १९९८, न्यूयॉर्क, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. जॉर्डन हंगामाअखेर निवृत्त होणार अशी कुजबुज होती. गार्डनमध्ये बुल्सकडून आपण हे शेवटचंच खेळतोय, असं समजून त्याने जॉर्डन १ ची १९८५ च्या जमान्यातली जोडी बाहेर काढली. एव्हाना पाय वाढले होते. बूट चावायला लागले, पाय सोलवटले, रक्त आलं. बदलायला दुसरी जोडी मिळाली नसती असं थोडंच आहे! पण खेळ जमून आला होता, म्हणून त्याने ते काढलेच नाहीत. ४२ पॉइंट केले आणि मॅच जिंकून मगच मोजे सोलून काढले. जुना बूट म्हटलं की मला हे आठवतं.

माझ्या घरातली सगळ्यात लाडकी जोडी जॉर्डन नाही. ती बुल्सच्याच डेरिक रोजच्या नावाची आहे, आदिदासची, लाल-काळी. डेरिक शिकागोच्याच इंगलवूड वस्तीतला. २००८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात तेव्हा, पहिला निवडला गेला आणि २०११ मध्ये, २२ व्या वर्षी, एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू झाला. इतक्या लहान वयात तो मान आजवर दुसऱ्या कोणाला मिळालेला नाही. मग २८ एप्रिल २०१२, फिलाडेल्फियाविरुद्ध प्लेऑफची पहिलीच मॅच. बुल्स आरामात पुढे होते, दीडेक मिनिट उरलं होतं, आणि डेरिकचा डावा गुडघा गेला. त्या दिवशी इथली माणसं घरचं कोणी आजारी पडावं तशी गप्प झाली होती. ही जोडी मी अजून घालतो. टाचेच्या आतलं अस्तर फाटून खालचा पिवळा स्पंज दिसतो. उजव्या चवड्याखालची नक्षी पार सपाट झालीय, कारण मी वळतो ते उजव्या पायावर. बाजारात या जोडीला कोणी दमडी देणार नाही, आणि मी ती कोणाला देणारही नाही.

शेवटचा मुद्दा कोरडा आहे पण महत्त्वाचा आहे. खोक्यात ठेवले की बूट टिकतात, हा मोठा गैरसमज आहे. जॉर्डन ३ पासून पुढच्या कितीतरी बुटांचा मधला सोल पॉलियुरेथेन फोमचा असतो. हवेतला दमटपणा हा फोम आतून पोखरतो, त्याला हायड्रोलिसिस म्हणतात. घाला किंवा घालू नका, पंधरा-वीस वर्षांत त्याचा निकाल लागतोच. वरून चामडं नवं करकरीत, आणि अंगठ्याने सोल दाबला की रंगाचा पापुद्रा सुटून आतून भुगा सांडतो. उलट अधूनमधून घालून चाललं तर फोम दबतो-सुटतो, आत ओल धरून राहत नाही, असं या कामातले जाणकार सांगतात. म्हणजे ज्याला घालायची नाही म्हणून जपलं, तीच जोडी आधी जायची!

तुमच्याकडे आहेत का अशा जोड्या? घालता की ठेवता? बास्केटबॉलच हवं असं नाही.

नागपाडा_एक्सप्रेस :

काय धागा काढलाय दादा! नाव बघूनच उघडला.

आमच्या नागपाड्यात बास्केटबॉलचं वेड फार जुनं. आमच्याकडच्या नागपाडा बास्केटबॉल असोसिएशनलाही लोक एनबीएच म्हणतात. आम्ही पीटीच्या पांढऱ्या कॅनव्हासवर खेळून मोठे झालो. डाग पडला की खडू घासायचा, की झाले शाळेपुरते पांढरे. सिमेंटचं कोर्ट सोल खातं. आधी चवड्याखाली टक्कल पडायचं, मग भोक, मग आत पुठ्ठा घालून आणखी काही दिवस. "जपून ठेवा" हा प्रश्नच कधी आला नाही.

४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज खेळून गेले. भारतातल्या त्या पहिल्या एनबीए मॅचेस. पहिल्या दिवशी स्टँड शाळकरी पोरांनी भरलेले, मॅच ओव्हरटाइममध्ये गेली आणि पेसर्सनी १३२-१३१ अशी काढली. किंग्जचे मालक विवेक रणदिवे आपल्या जुहूत वाढलेले, त्यामुळे घरचं कार्य असल्यासारखं वाटत होतं. मी दुसऱ्या दिवशी होतो. लाकडी कोर्टवर बूट इतके करकरतात हे टीव्हीवर कळतच नाही. दहा जणांनी एकदम दिशा बदलली की कानठळ्या बसतात. आणि जरा खेळ थांबला की प्रत्येक जण तळहाताने सोल पुसतो. धूळ बसली की पकड गेली. माझं लक्ष निम्मा वेळ तिकडेच.

खोकेवाला_टोरांटो :

बुल्सवेडा, लेख आवडला पण मुद्द्याला कडाडून विरोध.

आमच्या टोरांटोत ब्लूर स्ट्रीटवर बाटा शू म्युझियम आहे. आपण लहानपणी जूनमध्ये ज्यांच्या दुकानात शाळेचे बूट घ्यायला जायचो, त्याच बाटा घराण्यातल्या सोन्या बाटा यांनी उभं केलेलं. २०१३ मध्ये तिथे फक्त स्नीकर्सचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, नंतर ते अमेरिकेतल्या म्युझियममध्येही फिरलं. कोणीतरी खोक्यात जपून ठेवले म्हणूनच ते बूट तिथे आले ना?

दुसरं उदाहरण. १९९८ च्या फायनल्सच्या दुसऱ्या मॅचमध्ये जॉर्डनने घातलेले एअर जॉर्डन १३ एप्रिल २०२३ मध्ये सदबीजच्या लिलावात २२ लाख डॉलरला गेले. मॅचनंतर त्याने ते बॉल बॉयला देऊन टाकले होते. त्या पोराने ते घालून मित्रांबरोबर दोन वर्षं खेळून फाडले असते, तर आज आपण काय बघितलं असतं?

माझ्याकडे बऱ्याच जोड्या आहेत. प्रत्येक खोक्यावर आतल्या बुटांचा फोटो चिकटवलाय. रविवारी सकाळी एकेक खोकं उघडून पुसून ठेवण्यात जो आनंद आहे तो मला घालून फिरण्यात नाही. प्रेमाच्या तऱ्हा वेगळ्या असतात इतकंच.

बुल्सवेडा :

@खोकेवाला, बॉल बॉयच्या मुद्द्यावर तुमचं शंभर टक्के मान्य. पण त्या जोडीचं खेळून झालं होतं. फायनल्स खेळून आलेल्या बुटाने आणखी काय करायचं बाकी होतं? त्याने म्युझियममध्येच बसावं. माझं दुःख कारखान्यातून थेट काचेत गेलेल्या जोडीबद्दल आहे, जिने कधी कोर्ट पाहिलंच नाही. खोक्यावर फोटो लावायची कल्पना मात्र झकास, उचलतोय.

@नागपाडा, पुठ्ठ्याचं वाचून मी बायकोलाही दाखवलं. तिचं माहेर भायखळ्याचं, ती म्हणाली अगदी खरंय.

तीनपॉइंटर :

सगळ्या गोष्टी बाप्यांच्याच झाल्या, म्हणून मी लिहिते.

नायकीने बाईच्या नावाने काढलेला पहिला बास्केटबॉल बूट शेरिल स्वूप्सचा, एअर स्वूप्स, १९९५ मध्ये. बायकांची लीग, डब्ल्यूएनबीए, सुरू झाली १९९७ ला. म्हणजे लीगच्या आधी बूट आला! त्या बुटाला टाचेशी एक मोठं कडं होतं. स्वूप्सची नखं लांब, बूट ओढून चढवताना ती मोडू नयेत म्हणून ती सोय. मला हे इतकं आवडतं! कोणीतरी तिला बसवून विचारलं असणार, की बाई, तुला काय अडचण येते? मग लीग आली आणि तिच्या ह्यूस्टन कॉमेट्सनी पहिली चारही अजिंक्यपदं घेतली.

पुढे मात्र बायकांच्या नावाचे बूट फारच कमी निघाले. एजा विल्सन आधी तीनदा एमव्हीपी झाली, तिच्या नावाचा बूट दुकानात आला तो मे २०२५ मध्ये. आला तसा काही मिनिटांत संपला. मागणी नाही म्हणणाऱ्यांना उत्तर मिळालं. सब्रीना आयोनेस्कूचा २०२३ चा बूट तर एनबीएतले पुरुष खेळाडू आनंदाने घालतात.

आणि हो, मी घालते. माझ्या मापाचे चांगले बूट मिळवायलाच इतकी वर्षं गेलीत की ते खोक्यात ठेवायचा विचारही मनात येत नाही.

पळता_भुई :

मी पळणारा माणूस, बास्केटबॉल यथातथाच. पण बंदीवरून आठवलं. एनबीएने खरोखरच एका बुटावर खेळातल्या फायद्यासाठी बंदी घातली होती, २०१० मध्ये. एपीएल नावाच्या छोट्या कंपनीचा, चवड्याखाली स्प्रिंगची यंत्रणा असलेला बूट होता. उडी उंच जाते असा कंपनीचाच दावा होता, आणि लीगने तो मान्य करून मनाई केली!

आमच्यात तर हा वाद अजून धगधगतोय. १२ ऑक्टोबर २०१९ ला केनियाच्या एलिउड किपचोगेने व्हिएन्नात १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर कापलं, पायात जाड फोम आणि कार्बनच्या पट्ट्यांचे बूट. काही महिन्यांतच, जानेवारी २०२० मध्ये, जागतिक अॅथलेटिक्स संघटनेने रस्त्यावरच्या शर्यतींसाठी सोलची जाडी जास्तीत जास्त ४० मिलिमीटर असा नियम केला. हे बूट जपून ठेवण्यात अर्थ नाही, फोमचा दम थोड्याच शर्यतींत जातो. घाला, पळा, नवे घ्या. खिशाला मात्र भोक पडतं.

सांगलीकर_पाटील :

खिशाचा विषय निघालाच आहे तर बोलतो. मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे. जॉर्डन १ ६५ डॉलरला आला म्हणता, आज त्याची रेट्रो १८० डॉलरच्या आसपास आहे. माझ्याकडे खेळणाऱ्या पोरांच्या घरचा महिन्याचा किराणा तेवढ्यात होतो. मग पोरं बाजारातून फर्स्ट कॉपी आणतात. दिसायला हुबेहूब, पण सोल कडक, टाचेला आधार नाही. दोन महिन्यांत गुडघा दुखतो म्हणून बसतात.

म्हणून मला सगळ्यात मोठा माणूस वाटतो तो स्टेफॉन मारबरी. २००६ मध्ये त्याने स्वतःच्या नावाचा बूट काढला, किंमत १४ डॉलर ९८ सेंट, आणि तोच घालून एनबीएत खेळला. शॅकनेही (शकील ओनीलनेही) वॉलमार्टमध्ये स्वस्त बूट आणले. एवढा मोठा खेळाडू स्वस्तातला बूट घालून कोर्टवर उतरतो, तेव्हा गरिबाच्या पोराची मान वर होते. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या क्रिकेटपटूने हे करावं अशी माझी फार इच्छा आहे.

फुलटॉस :

क्रिकेटवरून एक. फास्ट बोलरच्या पुढच्या पायाचा बूट नीट बघा, कित्येकांनी अंगठ्याजवळ भोक पाडलेलं असतं. टाकताना पाय दाणकन आपटतो, अंगठा पुढे जाऊन धडकतो आणि नख काळं पडतं, म्हणून नवा कोरा बूट कापायचा. मी क्लबात टाकायचो तेव्हा आमच्या कोचनी हेच करायला लावलं होतं. महागातला बूट कात्रीने कापताना हात थरथरला, पण त्या दिवसापासून नख शाबूत राहिलं.

बुल्सवेडा :

@पाटील सर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मारबरीला मी फक्त खेळाडू म्हणून बघत होतो. तो बूट इकडच्या जुन्या सामानाच्या विक्रीत कुठे दिसला तर नक्की घेणार, आणि घालणार.

@तीनपॉइंटर, कड्याची गोष्ट अफलातून!

नागपूरची_सुरभी :

सगळा धागा आवडीने वाचला. एक कामाचा प्रश्न विचारू का? माझी लेक सातवीत आहे, यंदा शाळेच्या बास्केटबॉल टीममध्ये घेतलंय. कोर्ट उघड्यावरचं, सिमेंटचं. सर म्हणाले चांगले बूट घ्या. घोट्यापर्यंत उंचच घ्यायचे का? बजेट बेताचं आहे.

नागपाडा_एक्सप्रेस :

ताई, अभिनंदन! सिमेंटवर खेळायचं तर आधी बूट उलटा करून सोल बघा. नखाने दाबून बघायचं. सहज खड्डा पडला तर ते मऊ रबर लाकडी कोर्टसाठी आहे, सिमेंटवर एक हंगामही टिकणार नाही. जाड, घट्ट रबर आणि खोल नागमोडी नक्षी हवी. चकाचक पारदर्शक सोल टाळा, धूळ धरतो.

बुल्सवेडा :

उंच बुटाने घोटा मुरगळत नाही अशी पूर्वी सगळ्यांचीच समजूत होती. कोबी ब्रायंटने फुटबॉलपटूंचं बघून आखूड बूट मागितला, २००८ च्या अखेरीस त्याचा नायकीकडचा चौथा बूट तसा जाहीर झाला, आणि आज एनबीएत पुष्कळ लोक आखूडच घालतात. तिला ज्यात मोकळं वाटेल ते घ्या. टाच आत घट्ट बसली पाहिजे, वर-खाली सरकता कामा नये, आणि बाजूला वळताना पाय सोलच्या कडेवरून घसरता कामा नये. संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा फुगतो. खेळताना घालते तेच जाड मोजे घालून माप बघा. दुकानात तिला दोन-चार उड्या मारायला लावा, आडवं पळायला लावा. लाजेल, पण करायला लावाच. "वाढत्या पायाचे" म्हणून दोन नंबर मोठे मात्र घेऊ नका. ब्रँडचं नाव सगळ्यात शेवटी.

सांगलीकर_पाटील :

आणि ते बूट घालून शाळेत जाऊ देऊ नका ताई. कोर्टवर पोचल्यावरच बदलायचे. नुसत्या एवढ्याने बूट दीडपट टिकतात, हे मी माझ्या पोरांवरून सांगतो.

नागपूरची_सुरभी :

सगळ्यांचे मनापासून आभार, सगळं लिहून घेतलंय. शनिवारी संध्याकाळी तिला घेऊन सीताबर्डीला जातेय. तिला काळेच हवेत, आणि लेस मात्र लाल.